मागच्या खोलीपर्यंत एक तार

फायबरचं नवं कनेक्शन जोडायला आलेला माणूस तासाभरात मोकळा होतो. डक्टमधून बारीक तार वर ओढतो, दाराच्या चौकटीशेजारी ड्रिल मारतो, आत येऊन पहिली जी भिंत आणि पहिला जो प्लग सापडेल तिथे डबा बसवतो आणि त्या डब्यासमोरच उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. ‘बघा, शंभर येतंय.’ येतंही. फक्त ते चपलांच्या रॅकपाशी येतं. संध्याकाळी मागच्या बेडरूममध्ये कोणी ऑनलाइन मीटिंगला बसलं की पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मग घरात दोन उपाय सुचतात: प्लॅन शंभरचा तीनशे करून घ्यायचा, नाहीतर ‘बूस्टर’ मागवायचा. दोन्ही खर्चाचे आणि बहुतेक वेळा भलत्याच दुखण्यावरचे. साध्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. शंभरच्या प्लॅनमध्ये असे वीसेक कॉल एकाच वेळी बसतील. इंटरनेट घरात पुरेसं येतंय. अडतंय ते घरातल्या घरात फिरताना. आणि बिनतारी जाळं लांबवर न्यायचं तर आधी तार लांबवर न्यावी लागते, हे कितीही उलटं वाटलं तरी.

आधी भिंतींचं पाहू. घरातलं वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. दुसरी वेगवान, पण भिंतीशी लवकर हार मानणारी. मोबाइलवरच्या दांड्यांवरून यातलं काही कळत नाही. फुकट मिळणारं एखादं वायफाय मोजायचं ॲप उघडलं तर खरा आकडा दिसतो. तो डीबीएम या एककात आणि उणे असतो, आणि त्यात दर दहा अंकांना ताकद दहा पटीने उतरते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणं-पाहणं सुरळीत, आणि उणे ८० च्या आसपास ते गोल चक्र फिरायला लागतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा अंक जातात, ते परवडतं. घात करते ती भिंत. साडेचार इंची विटांची भिंत थोडक्यात सोडते, नऊ इंची जास्त घेते, आणि आत सळ्यांचं जाळं असलेली काँक्रीटची भिंत सहज वीस अंक गिळते, म्हणजे ताकद शंभराव्या हिश्श्यावर. मुंबई-पुण्याकडच्या अनेक नव्या टॉवरांमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून, साइटवर ज्याला ‘मायवान’ म्हणतात त्या पद्धतीने, आतल्या भिंतीसुद्धा स्लॅबबरोबर काँक्रीटच्याच ओततात. म्हणून तीस वर्षांपूर्वीच्या विटांच्या सोसायटीत जो राउटर तीन खोल्या सांभाळायचा, तो नव्या चकचकीत फ्लॅटमध्ये दुसऱ्या खोलीतच धापा टाकतो. कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंती तर जाडच, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी यांनाही या यादीत धरा. राउटर दिसायला नको म्हणून कपाटामागे सारणारी घरं कमी नाहीत.

यावर पहिला प्रश्न येतो तो जोराचा: मोठ्या ताकदीचा, सहा अँटेनांचा राउटर घेतला तर? थोडा फरक पडतो, अपेक्षेएवढा नाही, कारण वायफाय म्हणजे संभाषण आहे, आकाशवाणी नव्हे. रेडिओला फक्त ऐकायचं असतं. मोबाइलला उत्तरही द्यायचं असतं. राउटर शंभर मिलिवॅटने बोलला तरी मोबाइल त्याहून क्षीण आवाजात बोलतो. राउटरच्या हातात लाउडस्पीकर दिला म्हणून गच्चीवरच्या माणसाची कुजबुज खाली ऐकू येत नाही. कायद्याचीही मर्यादा आहे: भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला तो अँटेनेसह चार वॅटच्या कमाल मर्यादेसकट. अँटेना काही नवी ताकद निर्माण करत नाही; आहे ती एका दिशेला वळवते. उभ्या काडीसारख्या अँटेनेचा प्रसार मेदुवड्याच्या आकाराचा असतो, चहूकडे आडवा, वर-खाली जवळजवळ भोक. वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी. हा उपाय फुकटचा आहे आणि कधी कधी लागू पडतो. शिवाय जोर वाढवण्यात शेजाऱ्यांचं नुकसान आहेच. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल दिसत असली तरी एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. तीस फ्लॅटच्या इमारतीत सगळेच ओरडू लागले तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरा उपाय बूस्टरचा, म्हणजे खरं तर रिपीटरचा. इथे जी फसगत होते ती समजून घेण्यासारखी आहे. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. साधा रिपीटर राउटरचं ऐकतो आणि तेच, त्याच चॅनेलवर, पुन्हा म्हणतो. एकाच गोष्टीला हवेतली वेळ दोनदा लागते, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यात लोक तो लावतात कुठे, तर जिथे नेट येत नाही नेमक्या त्याच खोलीत. तिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही, मग तो पुढे काय सांगणार? पण मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसतात, कारण त्या रिपीटरपर्यंतच्या अंतराच्या असतात. रिपीटरपासून राउटरपर्यंतचा रडका रस्ता त्या दाखवत नाहीत. ‘दांड्या फुल, पण चालत काही नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं. कालव्याच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मुख्य कालव्यातून झिरपत, वाटेत उपसा होत आलेलं पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या बांधावर आणखी एक दार बसवून त्याला पाणी मिळत नसतं; कालव्याला अस्तर करावं लागतं. पाणी आणणं आणि पाणी पसरवणं ही दोन कामं आहेत, आणि पसरवण्याच्या पद्धतीने आणायला गेलं की ते वाटेतच मुरतं.

हा काही माझा शोध नव्हे. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक ठरलं तेव्हा त्यात ॲक्सेस पॉइंट नावाच्या डब्याची जागाच अशी कल्पिलेली होती: त्याच्या मागे माहिती वाटून आणणारी वेगळी यंत्रणा, व्यवहारात बहुधा तारेची, आणि पुढे हवेतून शेवटचे काही मीटर. ऑफिसांनी ते तसंच वापरलं. रेल्वेने तेच केलं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेल यांचं फुकट वायफाय सुरू झालं आणि पुढे देशातल्या चारशे स्थानकांवर गेलं, ते रुळांच्या कडेने आधीच पुरलेल्या रेलटेलच्या फायबरच्या जिवावर. एवढ्या मोठ्या स्थानकाला कुठला एक महाकाय राउटर पुरत नाही. छताखाली अंतराअंतरावर अनेक डबे लागतात, प्रत्येकापाशी आपली तार. घरांनी मात्र ॲक्सेस पॉइंट, राउटर आणि मोडेम एकाच डब्यात कोंबलेला पाहिला, आणि तार ही बाहेरच्या जगापासून दारापर्यंतच असते अशी समजूत करून घेतली.

घरात तार न्यायची म्हणजे काय करायचं? कॅट-६ जातीची केबल घ्यायची, ती मीटरमागे दोन आकडी रुपयांत मिळते, आणि शंभर मीटरपर्यंत एक जीबीपीएस वेग बिनबोभाट नेते. शंभर मीटर ज्याला पुरणार नाहीत असा बंगला विरळा. घेताना ती पूर्ण तांब्याची आहे ना एवढं विचारायचं, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात खपवली जाते. केबलचं एक टोक दारातल्या डब्याच्या लॅन पोर्टला, दुसरं मागच्या खोलीत दुसऱ्या राउटरला. हा दुसरा नवाच हवा असंही नाही. माळ्यावर पडलेला जुना, ५ गिगाहर्ट्झ असलेला, चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडायचा. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करून केबल त्याच्याही लॅन पोर्टलाच लावायची, नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोन पोस्टमन होतात आणि प्रिंटर कोणालाच सापडत नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवायचा, चॅनेल वेगवेगळं. वीजही त्याच केबलमधून देता येते. त्याचं मानक २००३ पासून आहे आणि छतावर बसवायचे गोल पांढरे डबे त्यावरच चालतात. याचा आपल्याकडचा फायदा मोठा: मुख्य ठिकाणी एक छोटा यूपीएस असला की दिवे गेले तरी घरभरचे डबे चालू राहतात. रिपीटर मात्र ज्या प्लगात असतो त्या प्लगाबरोबर मरतो.

‘पण आता मेश आलंय की,’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणं बरोबर नाही. मेशचे दोन-तीन डबे एकमेकांशी सल्लामसलत करतात, चांगल्या संचात आपसांत बोलायला वेगळा रेडिओ असतो, त्यामुळे निम्म्या वेगाचं दुखणं बरंच कमी होतं. विटांच्या घरात, दोन खोल्यांच्या अंतरावर, ते पुरे पडतं आणि तिथे भिंती फोडण्यात अर्थ नाही. पण तो वेगळा रेडिओही ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवरच बोलतो, आणि काँक्रीटची भिंत संचाची चढी किंमत विचारात घेत नाही. गंमत अशी की बहुतेक मेशच्या डब्यांच्या पाठीला केबलचं पोर्ट असतंच. तिथे तार खोचली की मेशच्या बाजूचं आणि तारेच्या बाजूचं भांडण तिथेच मिटतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याचा आक्षेप जास्त खरा आहे: मालक खिळा मारू देत नाही, ड्रिल कुठलं? त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचा क्षण कनेक्शन जोडायच्या दिवशीचा. फायबरची तार बारीक असते. ‘डबा दाराशी नको, मधल्या पॅसेजमध्ये बसवा’ असं तेव्हाच सांगितलं तर चारदोन मीटर जास्त ओढायला फारसं काही पडत नाही. नंतर फोन केला की खेपेचे पैसे. जुन्या सोसायट्यांत टेलिफोन आणि केबल टीव्हीसाठी भिंतीतून टाकलेले पाइप रिकामे पडलेले असतात, त्यातून तार जाते. तेही नसेल तर स्कर्टिंगवरून पांढरी पट्टी, दाराखालून चपटी केबल. दिसायला बरी नाही, कबूल. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे ॲडाप्टरही मिळतात, पण घरात इन्व्हर्टरची लाइन वेगळी असेल, तीन फेज असतील किंवा ॲडाप्टर स्पाइक गार्डमध्ये लावला असेल तर त्यांचा भरवसा धरता येत नाही. परत करता येईल अशा बोलीवरच घ्यावेत.

धंद्याच्या जागी गणित आणखी उघड होतं. कोकणातल्या एखाद्या होमस्टेचं घ्या: चिऱ्याचं मूळ घर, वाडीत ऐंशी मीटरवर दोन खोल्या, मध्ये आंबा-फणस. घरातल्या राउटरचा आवाज झाडीतून तिथे पोचणार नाही, आणि ओली पानं तर लहरी पिऊनच टाकतात. इथे तार न्यायची, पण तांब्याची नको. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टाकली की जवळपास वीज कोसळल्यावर ती दोन्हीकडची यंत्रं घेऊन जाते. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. तार शक्यच नसेल, मध्ये ओढा किंवा दुसऱ्याची जमीन असेल, तर समोरासमोर तोंड केलेल्या दोन दिशादर्शक अँटेना लावता येतात. मात्र नुसती नजर पोचून भागत नाही: ५.८ गिगाहर्ट्झवर तीनशे मीटरसाठी मधोमध रेषेच्या भोवती साधारण दोन मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. मेमध्ये मोकळी दिसणारी ती जागा सप्टेंबरात वेलींनी भरते. आयआयटी मुंबईच्या गटाने पालघरच्या खामलोली परिसरात टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून गावांपर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला, तो याच कारणासाठी. त्या लांब लहरी झाडीला इतक्या बिचकत नाहीत. तिथेही गावात वाटण्याचं काम वायफायच करत होतं. तार नसली तरी आणणारा दुवा आणि वाटणारा दुवा वेगळेच ठेवले होते.

एक सावधगिरी. तार मिळाली म्हणून प्रत्येक खोलीत डबा लावण्याचा उत्साह बरा नव्हे. कुठल्या डब्याला चिकटायचं हे मुख्यतः मोबाइल ठरवतो, आणि बरेच मोबाइल चिकट स्वभावाचे असतात. मागच्या खोलीत शिरल्यावरही दारातल्या डब्याची क्षीण बोटं सोडत नाहीत. त्यावरचा इलाज ताकद कमी करण्याचा आहे. दोन्ही डब्यांचा २.४ चा जोर मध्यम किंवा कमी ठेवला की मोबाइल वेळेवर हात बदलतो. आणि लांबून रेंगाळत बोलणारं एक यंत्र हवेतली वेळ इतकी खातं की जवळ बसलेल्यांचाही वेग पडतो. ते जवळच्या डब्याकडे गेलं की सगळ्या घराचा श्वास मोकळा होतो.

नव्या फ्लॅटच्या इलेक्ट्रिकल नकाशात एसीचे पॉइंट असतात, गीझरचा असतो, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगचे असतात. नेटच्या केबलचा असला तर हॉलमध्ये, टीव्हीमागे, एक. ओतीव भिंतींच्या इमारतीत पाइप काँक्रीटच्या आधीच टाकावे लागतात. नंतर झिरी मारायला बिल्डरही परवानगी देत नाही आणि सळ्याही. बुकिंग करताना किंवा बंगल्याचं काम काढताना दारापासून मधल्या पॅसेजच्या छतापर्यंत आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत एक इंची रिकामा पाइप मागून घ्यावा, वळणं कमीत कमी आणि विजेच्या पाइपापासून वेगळा. आत ओढतार सोडून ठेवायला सांगावं. ती नसली की पाच वर्षांनी इलेक्ट्रिशियन स्टुलावर उभा राहून स्प्रिंग आत-बाहेर करत बसतो आणि खाली उभ्या असलेल्याला टॉर्च धरायला लावतो.