दुधनाकाठाने चालायचं तर…

लाडसावंगीहून सोमठाण्याकडे (ता. बदनापूर) दुधना नदीच्या काठाने आखीव पायवाट अशी नाही; बांध, पाणंद, गाडीवाट जोडत जायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की पाऊल उचलेना. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक चढतं. तेव्हा पात्र ओलांडायचं धाडस नको. खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा : ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर, आणि ओळख नसली तरी हुरड्याचा आग्रह. एप्रिलनंतर कोरड्या पात्रातूनच चालता येतं, सावली मात्र विसरा. सोमठाण्याला धरण, गडावर रेणुकामाता. नवरात्रात तिथे मोठी गर्दी. परतीला बदनापूरहून रेल्वे आहे; करमाड स्थानकावर उतरायचं असेल तर मात्र तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. वेळापत्रक आधी पाहा.