आठ किलोंतले तीन

सकाळी ८:००

किल्ली द्यायला बाई स्वतः आल्यात. इस्पितळात नर्स आहेत, रात्रपाळी आटोपून थेट इकडे. गाडी माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची. मूळ जपानमध्ये विकलेली आणि नंतर इंग्लंडला आलेली, म्हणून तिच्यावर 'युनोस रोडस्टर' असं नाव आहे. रोज कामाला हीच जाते आणि सुट्टी मिळाली की स्नेक पास घाटाच्या वळणांवरून ग्लॉसपपर्यंत.

आज हिचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागची जड चकती, बदलायचं. क्लच घसरायला लागला होता, गिअरबॉक्स उतरवावाच लागणार होता, तेव्हाच त्यांनी विचारलं होतं: सगळ्यात हलकं कोणतं मिळतं? ॲल्युमिनियमचं साडेतीन किलोंच्या आसपासचंही मिळतं. मी उलट विचारलं, घर कुठे आहे तुमचं? चढावर, म्हणाल्या. शेफिल्ड हे डोंगरउतारांवर वसलेलं गाव. इथे रोज सकाळी चढावर थांबून पुन्हा निघावं लागतं. मी त्यांच्यासाठी पाच किलोंचं, क्रोमोली पोलादाचं मागवलं. शर्यतीच्या गाडीला जे शोभतं ते रोजच्या गाडीला जाचतं, हे मी फार गाड्यांत पाहिलंय.

८:३०

या गाडीची बॅटरी डिकीत असते. आधी तिची तार सोडली. मग आत बसून गिअरचा दांडा काढला. खालचं रबर फाटलेलं निघालं, या वयाच्या गाडीत ते बहुधा फाटलेलंच असतं. नवं आणून ठेवलेलं आहे.

गाडी रॅम्पवर वर घेतली. गिअरबॉक्सचं तेल सोडलं, एक्झॉस्टचा पुढचा पाइप उतरवला, प्रॉपेलर शाफ्टवर आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर खडूने खुणा करून शाफ्ट बाहेर काढला. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांवर असतो; त्याची नळी न सोडता तो तसाच बाजूला टांगला.

९:४५

आता ती लांब ॲल्युमिनियमची चौकट. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ही एकसंध जाते. मुख्य अभियंता तोशिहिको हिराई आणि त्यांच्या चमूने ही गाडी आखली आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. ताकद बेताची, वजन एक टनाच्या आत. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या चौकटीने एकमेकांना घट्ट बांधले, म्हणजे पाय दाबल्यावर मधलं काही पीळ खात बसत नाही, हालचाल सरळ मागच्या चाकांत उतरते. पायाचा इशारा लगेच चाकांत उतरावा ही त्यांची इच्छा, आणि आजचं आमचं काम तिच्याच पुढचं पाऊल आहे, असं मला मनापासून वाटतं.

चौकट सुटली की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते आणि इंजिन मागे कलतं. १.६च्या इंजिनात कॅम अँगल सेन्सर सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असतो. इंजिन फार कललं तर तो फायरवॉलवर दाबला जाऊन फुटतो. म्हणून इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला. शिकाऊ पोराला तो सेन्सर टॉर्चच्या उजेडात दाखवला, हात लावायला सांगितला. फटीत बोट गेलं पाहिजे.

बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट दिसत नाहीत. तीन एक्स्टेन्शन जोडून, टोकाला वाकणारा सांधा लावून, गिअरबॉक्सच्या वरून मागून पाना घालावा लागतो. स्टार्टरचा वरचा बोल्टही तसलाच. यात एक तास गेला, तो जायचाच होता.

११:३०

गिअरबॉक्स खाली. क्लचप्लेट जवळजवळ रिव्हेटांपर्यंत झिजलेली. फ्लायव्हील सोडताना दातांमध्ये अडकणारं लॉकिंग टूल लावलं. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर पाना लावून इंजिन धरायचा मोह या गाडीत टाळावा. १९८९ ते १९९१च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि तिथली चावी सैल होण्याचा आजार प्रसिद्ध आहे. हे इंजिन कोणत्या महिन्यातलं, हा वाद घालत बसण्यापेक्षा तिकडे जायचंच नाही.

जुनं फ्लायव्हील काट्यावर ठेवलं: आठ किलो, थोडं कमी. नवं पाच.

दुपारी १:००

डबे उघडले. पोरगा म्हणाला, तीन किलोंनी काय होणार? पाण्याची बाटली गाडीत ठेवली काय नि काढली काय.

जॉबकार्डच्या पाठीवर त्याला मांडून दाखवलं. वजन किती हा अर्धा प्रश्न. ते मध्यापासून किती लांब आहे हा उरलेला अर्धा, आणि अंतराचा वर्ग घ्यायचा असल्यामुळे तोच मोठा. नव्या चकतीतलं वजन काठाजवळून कमी केलंय. सरासरी मध्यापासून ११ सेंटीमीटरवरून गेलं असं धरू. ही चकती चाकापेक्षा किती तरी वेगाने फिरते. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, डिफरन्शियलचं ४.३, गुणाकार साडेतेराच्या जवळ. त्याचाही वर्ग. टायरच्या त्रिज्येचा हिशेब लावला की वेग घेताना पहिल्या गिअरमध्ये ते तीन किलो सुमारे ऐंशी किलोंसारखे वागतात. म्हणजे शेजारच्या सीटवरचा एक धडधाकट माणूस उतरला. दुसऱ्या गिअरमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस किलो. पाचव्यात जेमतेम पाच.

मग ताकद वाढली का, त्याने विचारलं. नाही. इंजिन जेवढं द्यायचं तेवढंच देतं. स्वतःला फिरवण्यात त्याचं जे खर्च होत होतं ते कमी झालं, आणि तेही फेरे वाढत असतानाच. एकसारख्या वेगाने मोटरवेवर चालताना फरक शून्य. वरच्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायला हे घेऊ नये. याची खरी गोडी गिअर बदलताना आहे: ॲक्सिलरेटर सोडला की फेरे पटकन उतरतात, खालच्या गिअरवर येताना पायाचा हलका स्पर्श पुरतो.

पण जड चकती उगाच नसते. चार सिलिंडरांचं इंजिन एका फेऱ्यात दोनदाच ढकलतं. मधल्या वेळात गाडी ओढते ती चकतीत साठलेल्या गतीच्या जोरावर. ती साठवण फार कमी केली की चढावर निघताना इंजिन बंद पडतं, आयडलिंग डळमळतं. जुनी चकती लेथवर तासून हलकी करून द्या, असंही लोक सांगतात. मूळ ओतीव लोखंडाची चकती तासून बारीक केली आणि सहा-सात हजार फेऱ्यांवर तडकली, तर तुकडे बेलहाउसिंग फोडून पायांपर्यंत येतात. ते काम आम्ही घेत नाही.

२:००

क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं. एवढं उघडल्यावर जुनं सील ठेवणं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची तयारी. पायलट बेअरिंग या इंजिनात फ्लायव्हीलच्या पोटात बसतं. नवं प्रेसवर दाबून बसवलं. गंज धरू नये म्हणून चकतीला लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने दोनदा पुसलं. त्यानंतर घर्षणाच्या पृष्ठभागाला उघडं बोट लावायचं नाही.

सहा बोल्ट. त्यांची भोकं क्रँककेसपर्यंत आरपार जातात, म्हणून आट्यांना सीलंट. नाहीतर तेल हळूहळू क्लचवर येतं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टप्प्याटप्प्याने, शेवटी टॉर्क रेंचवर १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. डायल गेज लावून चकती हाताने फिरवली. सुई काही शतांश मिलीमीटर हलली, तेवढीच. सरळ चार सिलिंडरांच्या या इंजिनात फ्लायव्हील स्वतंत्रपणे तोललेलं असतं, म्हणून क्रँक न काढता नवं लावता येतं.

क्लचप्लेट सेंटरिंग टूलवर, वर प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पुसट.

३:१५

गिअरबॉक्स वर. दोघं होतो, सेंटरिंग नीट होतं, सरकन बसला. चौकट लावताना गिअरबॉक्सची उंची मोजून मगच बोल्ट आवळले. ती चुकली तर शाफ्ट थरथरतो.

५:१५

इंजिन सुरू. आयडलिंग ८५०वर स्थिर. ॲक्सिलरेटरला नुसतं टेकलं तर काटा उडाला आणि तितक्याच झटकन खाली आला. पोरगा हसला, काही बोलला नाही.

गाडी मुद्दाम जेनकिन रोडला नेली. २०१४च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलस्वारांना शेफिल्डमधला हाच चढ चढावा लागला होता. मध्यावर थांबलो, हँडब्रेक ओढला, निघालो. नेहमीपेक्षा दोनतीनशे फेरे जास्त लागले, बस. दोनदा, तीनदा, एकदाही बंद पडली नाही. साडेतीन किलोंची चकती असती तर इथे क्लच जाळत निघावं लागलं असतं.

६:१५

बाई झोप काढून आल्यात. त्यांना शेजारी बसवून सांगितलं: निघताना पाय जरा आधी द्या. गिअर बदलताना रेंगाळू नका, फेरे आता लवकर पडतात, उशीर झाला की गाडी झटका देईल. पहिले काहीशे मैल नव्या क्लचला सांभाळून घ्या. आणि हा बदल विमा कंपनीला कळवा, इथे न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो.

जुनी चकती त्यांच्या हवाली केली. गाडी कधी विकली तर नव्या मालकाला हवी असू शकते. त्यांनी विचारलं, पुढे अजून हलकं करता येईल? म्हटलं, आधी एक हिवाळा याच्यावर काढा, मग तुमच्या डाव्या पायाला विचारून ठरवू.