लाकडी गलबतांचे आराखडे : जतन करण्याजोगा ठेवा

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर गावाजवळून वाहणारी तिळारीची नदी पुढे शापोरा या नावाने अरबी समुद्रास मिळते. रस्ते व पूल होण्यापूर्वी गोमंतकातील बरीचशी मालवाहतूक अशा नद्यांतून होड्यांनी आणि किनाऱ्यालगत गलबते व फत्तेमाऱ्यांनी होत असे. तिरकस शिडांच्या त्या फत्तेमाऱ्या आता इतिहासजमा झाल्या आहेत.

आपले कारागीर जहाज बांधताना सहसा कागदावर नकाशा काढीत नसत. सारी मापे त्यांच्या स्मरणात असत व पित्याकडून पुत्राकडे जात. साहजिकच जाणता सुतार निवर्तला आणि जुने गलबत मोडीत निघाले, की ती विद्याही लोप पावते. फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारिस यांनी एकोणिसाव्या शतकात आशियातील नौकांची मोजमापे घेऊन रेखाचित्रे तयार केली. त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील फत्तेमारीही आहे. अमेरिकेत १९३६-३७ मध्ये बेकार तंत्रज्ञांना काम देणाऱ्या सरकारी योजनेखाली स्कूनर व अन्य जुन्या लाकडी व्यापारी जहाजांचे आराखडे काढून घेण्यात आले.

आराखडा म्हणजे काय?

जहाजाच्या आराखड्यात मुख्यतः तीन चित्रे असतात : बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि ठरावीक अंतरांवर आडवे छेद घेतल्यास दिसणारे. या छेदांवरून जहाजाच्या पोटाची गोलाई कळते. १:५० हे प्रमाण घेतल्यास प्रत्यक्षातील एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. अशा आराखड्यावरून लहान प्रतिकृती करता येते, तसेच पुन्हा जहाजही बांधता येते.

गोव्यातील ताजे उदाहरण

आराखडा नसल्यास किती परिश्रम पडतात, हे 'कौंडिण्य' या नौकेने दाखवून दिले. अजिंठ्यातील पाचव्या शतकातील चित्र एवढाच तिचा मुख्य आधार होता. त्यामुळे नौदलाला नवी रचना आखावी लागली आणि मद्रासच्या आय.आय.टी.त प्रतिकृतीची पाण्यातील चाचणी घ्यावी लागली. दिवाडी बेटावर केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ती बांधली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पाण्यात उतरली व २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. तिची लांबी १९.६ मीटर व रुंदी ६.५ मीटर आहे. १:५० च्या आराखड्यात ती ३९.२ व १३ सेंटिमीटर भरेल.

शाळांना करता येण्याजोगे कार्य

किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी होडी आढळल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह, मालकाच्या अनुमतीने, तिची मापे घ्यावीत. तळाच्या कण्यालगत दोरी ताणून तिच्यावर समान अंतरावर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेपाशी ओळंबा लावून उंची व रुंदी नोंदवावी. प्रत्येक भागाचे स्थानिक नाव वृद्ध सुतारांस विचारून लिहून ठेवावे. होडी कुजून गेली तरी तिचा आराखडा पुढील पिढीच्या हाती राहील.