देवीच्या हाती तराजू, नाण्यात तांबे

रोमन चांदीच्या नाण्यांवरच्या देवी पाहून त्या लोकांच्या भाविकपणाचे कौतुक केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. इ.स.पू. २११च्या सुमारास देनारियस हे नाणे पाडले जाऊ लागले, तेव्हा त्यावर शिरस्त्राण घातलेली नगरदेवता रोमा होती. इ.स.पू. ९१मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या इटलीतल्या मित्रांनी आपली नाणी काढली आणि देवी निवडली ती इटालिया. इ.स.पू. ५४मध्ये टांकसाळीचा अधिकारी असलेल्या ब्रूटसने स्वातंत्र्यदेवता लिबर्टास छापली. दहा वर्षांनी सीझरच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा आला आणि दुसऱ्या बाजूला व्हीनस. तिला तो आपल्या कुळाची मूळमाता म्हणवत असे. इथे श्रद्धा आणि सत्तेचा दावा वेगळे काढताच येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, बाजारातला माणूस चित्र कशाला पाहील? तो चांदी पाहील. पण छापाला किंमत नसती, तर बंडखोरांनी आणि सत्ताधाऱ्यांनी तो इतक्या आवर्जून बदलला नसता. मात्र दावा करणे वेगळे आणि तो पटणे वेगळे. इ.स. ६४च्या सुमारास सम्राट नीरोने देनारियसचे वजन आणि कस दोन्ही घटवले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली आणि गॅलिएनसच्या एकछत्री कारकिर्दीत (२६०–२६८) चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात ती जेमतेम काही टक्के उरली. त्याच हिणकस नाण्यांवर न्याय्य व्यवहाराची देवी एक्विटास हातात तराजू घेऊन उभी आहे!

लोकांनी कशावर विश्वास ठेवला, याचा पुरावा भारतातही आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत नीरोच्या आधीच्या ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांचीच नाणी बहुसंख्य आहेत. नीरोनंतरचे देनारियस विरळ. व्यापार बसला म्हणून असे झाले असेल का? तसे दिसत नाही, कारण नंतरच्या सम्राटांची सोन्याची नाणी इकडे येतच राहिली. पैठण आणि तेरचा माल ज्या भडोच बंदरात उतरे, तिथे देनारियस स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळतो, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. हा नफा देवीच्या नव्हे, चांदीच्या बळावर होता. म्हणून संग्रहालयात अशी नाणी पाहताना छापाबरोबर कसाचीही माहिती वाचावी. राज्यकर्त्याला काय भासवायचे होते ते छाप सांगतो. त्याने शब्द किती पाळला, ते कस सांगतो.