विहिरींतील युरेनियम आणि आपला काळा दगड

गेल्या उन्हाळ्यांत जत तालुक्यांतील आमच्या परिचयाचे एक बागाईतदार आपल्या विंधनविहिरीच्या पाणी-तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आले. नोकरींत असतांना आम्हीं हजारों कागद वाचले, तेव्हां हाहि वाचूं, अशी त्यांची समजूत. एका ओळींत ‘युरेनियम’ असा शब्द व त्यापुढें अगदीं लहान आंकडा होता. ते म्हणाले, “भाऊसाहेब, हा बाँबचा धातु माझ्या मळ्यांत कोठून आला? घरांत कोणी त्या पाण्याला शिवत नाहीं. थोरला म्हणतो, विहीर बुजवून टाका.” कर्ज काढून घेतलेली विहीर एका शब्दाच्या भीतीनें बुजवावी हें आम्हांस रुचलें नाहीं. म्हणून हा धातु दगडांत व पाण्यांत कसा वागतो याची चौकशी आम्हीं केली. ती वाचक बंधूंपुढें ठेवितों.

युरेनियम हा नवा पाहुणा नव्हे. १७८९ सालीं क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तो ओळखला आणि १८९६ सालीं बेकरेल यानें त्यांतून निघणाऱ्या अदृश्य किरणांचा शोध लावला. परंतु मातींत तो पृथ्वीच्या आरंभापासून आहे. जगाची सरासरी धरली तर एक टन मातींत दोन-तीन ग्रॅम. एकरभर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर सुमारें नऊशें टन भरतो. म्हणजे एकरीं दोन किलोच्या आसपास युरेनियम झालें. आपला काळा कातळ या बाबतींत गरीब आहे, त्यांत याहून बरेंच कमी असतें. सुपरफॉस्फेट ज्या खडकापासून करितात त्यांतहि हा धातु असतो, परंतु एकरीं दोन-चार पोत्यांतून जे कांहीं ग्रॅम पडतात ते वरील हिशेबापुढें किरकोळ होत. तेव्हां प्रश्न धातु आहे कीं नाहीं हा नसून, तो मातीस धरून आहे कीं पाण्यांत उतरला आहे, हा आहे.

येथें आम्हांस फेरफाराच्या नोंदवहीची आठवण होते. जमीन तीच, बांध तेच. नोंद बदलली कीं वहिवाट बदलते. युरेनियमच्या मुख्य अवस्था दोन. एकींत त्याच्या कणांतून सहा इलेक्ट्रॉन गेलेले असतात. ही अवस्था पाण्यांत सहज विरघळते व पाण्याबरोबर कोसच्या कोस जाते. दुसरींत चारच गेलेले असतात. ती काळसर, जवळजवळ अविद्राव्य, जागच्या जागीं बसणारी. पहिलीस दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले कीं ती दुसरी होते. या फेरफारानें किरण कमी होत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. धातु तोच राहतो, आणि त्याचा निम्मा अंश क्षय पावण्यास सुमारें ४.५ अब्ज वर्षें लागतात. बदलतें तें एवढेंच, कीं तो आपल्या घागरींत येईल कीं खडकाला चिकटून राहील.

हे इलेक्ट्रॉन देतो कोण? ओढ्याच्या वाळूंत लोहचुंबक फिरवा. त्यास काळी बारीक कणी चिकटते. ती मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी लोहखनिज, आपल्या काळ्या दगडांतून झिजून आलेली. तिच्यांतील लोखंड अर्धवट गंजलेलें असतें. त्याजपाशीं देण्याजोगा इलेक्ट्रॉन शिल्लक असतो. विरघळलेला युरेनियम प्रथम अशा कणाच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि मग तेथेंच देवघेव होते. कधीं ती अर्ध्यावर थांबते व पांच इलेक्ट्रॉन गेलेली मधली अवस्था खनिजांत अडकून राहते, असें अलीकडील प्रयोगांत दिसलें आहे. कणावर गंजाचें जाड कवच चढलें कीं देणें मंदावतें. पांचगणीच्या पठारावरील तांबडा जांभा दगड पाहा. त्यांतील लोखंड पूर्ण गंजलेलें आहे. तो युरेनियमला पृष्ठभागावर धरून ठेवूं शकतो, पण त्याची नोंद बदलूं शकत नाहीं, कारण देण्यास त्याजपाशीं कांहीं उरलेलें नाहीं. जमिनीखालीं वारा न लागणाऱ्या ठिकाणीं कांहीं सूक्ष्म जंतूहि हेंच काम करितात. हें १९९१ सालीं प्रयोगानें सिद्ध झालें.

अशा रीतीनें बसलेला युरेनियम पुन्हां उठतो तो मुख्यतः तीन कारणांनीं. हवेंतील प्राणवायु खोल गेला, नायट्रेट झिरपलें, अथवा पाण्यांत बायकार्बोनेट व चुना वाढला. पहिलीं दोन युरेनियमचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. तिसरें विरघळलेल्या युरेनियमशीं असें जुळतें कीं खनिजाच्या पृष्ठभागास तो धरितां येत नाहीं. राजस्थान व गुजराथेंतील भूजलाविषयीं २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत बायकार्बोनेट, ऑक्सिडीकरण व पाण्याची खालावलेली पातळी यांकडेच बोट दाखविलें आहे. कृष्णाकांठीं मिरज-वाळवें भागांत अति पाण्यानें जमिनी खारवट झालेल्या आम्हीं नोकरींत डोळ्यांनीं पाहिल्या, आणि पूर्वेकडील तालुक्यांत विंधनविहिरी वर्षागणिक खोल जातांना पाहिल्या. आपला कातळ युरेनियमांत गरीब आहे हें आपलें सुदैव. पण नायट्रेट व क्षार यांच्या बाबतींत तसें म्हणवत नाहीं.

दगडावर सर्वस्वीं भरंवसाहि ठेवतां येत नाहीं. अमेरिकेंतील नेव्हाडा येथें १९६८ सालीं झालेल्या भूमिगत अणुस्फोटांतील प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या पाण्यांत सांपडला, हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. तो धातु खनिजास चिकटला होता खरा, परंतु तें खनिजच इतकें बारीक होतें कीं पाण्याबरोबर वाहत गेलें.

आतां त्या कागदाकडे वळूं. पिण्याच्या पाण्यांत युरेनियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागें ३० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०११ सालीं तोच आंकडा सुचविला. पाण्यांतील युरेनियमचा धोका किरणांपेक्षां मूत्रपिंडास अधिक असतो. आमच्या स्नेह्यांचा आंकडा मर्यादेच्या पुष्कळ आंत होता. परंतु त्याच कागदावर दोन ओळी वर नायट्रेटचा आंकडा होता आणि तो ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेला होता. नायट्रेट तान्ह्या मुलांस घातक असतें, आणि घरांत चार महिन्यांचें नातवंड होतें. ती ओळ कोणींच वाचली नव्हती! पाणी उकळल्यानें यांपैकीं कांहींच जात नाहीं. उलट पाणी आटून प्रमाण वाढतें. तान्ह्यासाठीं दुसरीकडून पाणी आणावें, किंवा आर.ओ. यंत्र बसवून त्याचें पाणी तपासून घ्यावें, असें आम्हीं सांगितलें.

विहीर बुजविली नाहीं. शेणखताचा खड्डा विहिरीपासून आठ-दहा हातांवर होता, तो त्यांनीं मळ्याच्या उताराच्या टोंकास हलविला, आणि उसास एकदम टाकावयाचा युरिया हप्त्याहप्त्यानें देण्याचें ठरविलें. पावसाळ्यानंतर दुसरा नमुना तपासावयाचा आहे. त्या वेळीं सर्व ओळी वाचूं, असें थोरल्या मुलानें आम्हांस कबूल केलें आहे.