कोणती ठाकूरवाडी?

सकाळी ६.३०
रात्रभर पाऊस झोडपतोय. चूल पेटवायच्या आधी फोन चार्जिंगला लावते. विजेचा नेम नाही आणि आज पोरांच्या वजनाचा दिवस. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूरवाड्या इतक्या आहेत, की कागदावर नुसतं ‘ठाकूरवाडी’ लिहिलं तर आमची आहाराची पाकिटं डोंगरापलीकडच्या सेविकेच्या दारात जाऊन पडतील. म्हणून माझ्या अंगणवाडीचा कोड मला झोपेतही म्हणता येतो. वाडीच्या आतही तीच तऱ्हा. आडनावं चार-पाच, पारधी नाहीतर वाघ, आणि नावंही तीच ती.

सकाळी ९
मदतनीसताईंनी खिचडी चढवली. मी पोषण ट्रॅकर उघडते. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं हे अ‍ॅप आलं, पूर्वी अकरा रजिस्टरं होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी रखडणारे फोन सरकारला परत केले, त्यात माझाही होता. आताचा फोन बरा चालतो, पण हजेरीचं रजिस्टर मी टाकलेलं नाही. ढग उतरले की रेंज जाते, वही जात नाही.

सकाळी १०.३०
वीटभट्टीवरून परतलेली चार घरं आज पहिल्यांदा पोरं घेऊन आली. त्यातली एक चौदा महिन्यांची पोरगी. काट्यावर ६.९ किलो. दिवाळीनंतर ती गेली तेव्हा माझ्या वहीत ६.७ होतं. सात महिन्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम! लांबी ७१ सेंटिमीटर. दंडाला पट्टी गुंडाळली, तर ११.८. साडेअकराच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं. आकडे भरले, अ‍ॅपनं तिला मध्यम कुपोषितांत टाकलं. म्हणजे जादा आहार द्या आणि लक्ष ठेवा.

दुपारी १२
आज लसीकरणही असल्यानं सिस्टर उपकेंद्रातून आल्यात. आशाताई कोपऱ्यात छत्री झटकतायत. आम्हा तिघींची एक खोड आहे: सत्र संपलं की तीन वह्या एका सतरंजीवर मांडायच्या आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. राजस्थानात आशा, सेविका आणि नर्स यांना एकाच गावनकाशावर टिकल्या लावायला शिकवलं होतं, असं एका प्रशिक्षणात ऐकलं. तेव्हापासून आमच्या भिंतीवरही वाडीचा नकाशा आहे आणि टिकल्यांची पाकिटं मी कर्जतच्या बाजारातून आणते.

त्या पोरीचं नाव आलं. सिस्टरच्या यादीत नाव सापडेना. मग आईच्या नावावरून शोधलं, तर इंग्रजी स्पेलिंग वेगळं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस राहिलेली. ती जानेवारीत द्यायची, तेव्हा पोरगी भट्टीवर होती. आशाताईंनी डायरी उघडली: परतल्यापासून दोनदा हगवण, आणि आईला चौथा महिना, म्हणून दूध तोडलेलं. ही गरोदरपणाची नोंद अजून ना सिस्टरकडे, ना माझ्याकडे. मी विचारलं, “रेशनवर हिचं नाव चढलंय का गं?” आई म्हणाली, “नाय बाय, तिच्या आधीचंच कार्ड हाय.” प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो. म्हणजे घरात पाच तोंडं आणि धान्य चारांचं.

माझ्या यादीत ती पिवळी होती. सिस्टरच्या यादीत लस राहिलेलं एक मूल, आशाताईंच्या डायरीत हगवणीचं एक घर. एकेकीनं पाहिलं असतं तर तिघींनीही पुढच्या महिन्यावर टाकलं असतं. सिस्टरांनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. “आजच आणा,” म्हणाले. आई चाचरली, पेरणी अर्धी राहिली होती. आशाताईंनी पोर उचललं, छत्री आईच्या हातात दिली आणि रस्त्यावरच्या मिनीडोरकडे चालू लागल्या. नकाशावरच्या त्या घराची पिवळी टिकली काढून मी लाल लावली.

दुपारी ३
घरपोच आहाराचं वाटप. जुलै २०२५ पासून पाकिटासाठी चेहरा ओळखावा लागतो, आणि चेहऱ्याआधी आधारची पडताळणी. एका बाईचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर. नवरा पनवेलला कामावर, फोन उचलेना. बाई समोर उभी, पोर कडेवर, मी दोघांना जन्मापासून ओळखते, आणि फोन म्हणतो ओळख पटली नाही.

संध्याकाळी ५
जाता जाता घरोघर विचारते, आज रात्री घरात कोण कोण झोपणार? हा रकाना कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही, माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीत त्या रात्री कोण होतं, आश्रमशाळेत कोण, कामाला बाहेर कोण, हे ढिगाऱ्याशेजारी उभं राहून जुळवावं लागलं. तीही आमच्यासारखी ठाकर आदिवासींचीच वाडी. तेव्हापासून पाऊस लागला की हे पान मी भरते.

रात्री ८.३०
आशाताईंचा फोन. डॉक्टरांनी पोरीला ठेवून घेतलं, आई तिच्याजवळ आहे. घरामागच्या चढावर एका जागी रेंज मिळते, तिथे छत्रीखाली उभं राहून दिवसभराची माहिती पाठवली. अ‍ॅपमध्ये पोरगी अजून पिवळीच. शेवटच्या पानावर तिच्या घरासमोर पाच लिहिलं होतं, ते खोडून तीन केलं.