वाळवंटातील अकाली उन्हाळा आणि रब्बीची पिके

पश्चिम राजस्थानच्या मरुभूमीत उन्हाळा कडक असतो, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यातील ४५ अंश उष्णतेची तेथील शेतकऱ्याला सवय आहे. त्या वेळी त्याच्या बहुतेक शेतांत रब्बीचे पीक उभेच नसते. त्याला खरे भय वाटते ते मार्चमधील ४० अंशांचे. सन २०२२ मध्ये हे भय प्रत्यक्षात उतरले. बाडमेर-जैसलमेर भागात मार्चच्या मध्यास कमाल तापमान एरवी ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते. त्या वर्षी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच पश्चिम राजस्थान व कच्छ-सौराष्ट्र या भागांत उष्णतेची लाट आली आणि अखेरच्या आठवड्यात ती पुन्हा उसळली. देशाचे मार्चचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंशांवर गेले. नोंदी सुरू झाल्या त्या १९०१ सालापासून तोवर इतका तप्त मार्च झालेला नव्हता.

असे का घडले, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे इष्ट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून येणारे वाताभ्र-विक्षोभ उत्तर भारतावर ढग आणि थोडाफार पाऊस आणतात व हवेतील गारवा टिकवून धरतात. त्या वर्षी ते दुर्बळ ठरले. मार्चचा पाऊस देशभरात सरासरीपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी पडला. आकाश निरभ्र आणि वारे कोरडे होते. त्यात वाळूची जमीन. ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा पुष्कळसा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. कोरड्या वाळूत खर्च करण्यास पाणीच नसल्यामुळे सारी उष्णता जमीन व हवा तापविण्याकडे जाते. म्हणूनच वाळवंटात पारा चढतो तो झपाट्याने चढतो.

आता गव्हाकडे पाहू. गंगानगर व हनुमानगड हे जिल्हे मूळचे वाळवंटाचेच. १९२७ मध्ये सुरू झालेल्या गंग कालव्याने आणि पुढे इंदिरा गांधी कालव्याने तेथे गहू आणला. मार्चमध्ये तेथील गहू ओंबीत दाणा भरण्याच्या अवस्थेत असतो. हे काम गव्हाला सावकाश, थंडीत करावयाचे असते. हवा ३० अंशांच्या वर राहू लागली म्हणजे पान लवकर पिवळे पडते, दाण्यात पिष्ट साठण्याची क्रिया मंदावते आणि रात्रीही उकाडा राहिला तर दिवसा मिळविलेले अन्न श्वसनातच खर्च होते. पीक मरत नाही. ते घाईने पिकते. बाहेरून ओंबी पिवळीधमक दिसते, पण मळणी केल्यावर दाणा बारीक व सुरकुतलेला निघतो. हे नुकसान खळ्यावर येईपर्यंत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक फसवे.

पंजाब-हरियाणासह सर्व वायव्य भागात असेच झाले. देशाच्या गहू उत्पादनाचा फेब्रुवारीतील १,११३ लाख टनांचा अंदाज मे महिन्यात १,०६४ लाख टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. ही सारी घट उन्हामुळे झाली असे मात्र कोणी समजू नये. बाजारभाव चढे असल्याने पुष्कळ माल खाजगी व्यापाऱ्यांकडे गेला होता.

कालव्याबाहेरच्या शेतकऱ्याची स्थिती निराळी. जैसलमेरकडे ‘खडीन’ नावाची जुनी पद्धत आहे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मातीचा बांध घालून अडवितात आणि ते जिरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. वर पाणी देण्याची सोय नसते. जमिनीतील ओल हीच पिकाची शिदोरी, आणि मार्चमध्ये ऊन भडकले की ती वेळेआधीच संपते. येथे उपाय पेरणीच्या वेळीच करावयाचा असतो. मार्चमध्ये करण्यासारखे फारसे उरत नाही.

जिऱ्याच्या बाबतीत हाच विचार जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने केलेला दिसतो. ही संस्था १९५९ पासून या नावाने कार्य करीत आहे. तिने दिलेला ‘सीझेडसी ९४’ हा जिऱ्याचा वाण सुमारे १०० दिवसांत तयार होतो; प्रचलित वाणांना याहून बरेच अधिक दिवस लागतात. ऊन सोसणाऱ्या वाणाइतकेच ऊन येण्यापूर्वी घरी येणाऱ्या वाणालाही महत्त्व आहे, किंबहुना कोरडवाहूत अधिकच, असे आमचे मत आहे. मोहरीचे पाहा: ऑक्टोबरात पेरलेली मोहरी मार्चच्या मध्यापर्यंत पुष्कळशी पक्व झालेली असते, त्यामुळे असा तडाखा तिला कमी बसतो.

ओलिताच्या गव्हास लाटेची पूर्वसूचना मिळताच हलके पाणी द्यावे. तुषार संच असल्यास उत्तम. पाणी सायंकाळी वारा पडल्यावर द्यावे. भर वाऱ्यात जमीन भिजली तर ओंबीने जड झालेला गहू लोळतो, आणि मग उन्हाने झाले नसते इतके नुकसान पाण्यानेच होते. पीक पोटरीत असताना व फुलोऱ्यानंतर १३:००:४५ या विद्राव्य खताची, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेटची, १०० लिटर पाण्यात अर्धा किलो या प्रमाणात फवारणी केल्याने पाने काही दिवस अधिक हिरवी राहतात. परंतु ही फवारणी पाण्याची जागा घेत नाही. पाणी नसलेल्या शेतात तिच्यावर पैसा घालण्याचा सल्ला ग्रामसेवक बंधूंनी देऊ नये.

आपल्याकडील गव्हाला हा धोका आणखी लवकर गाठतो, कारण आपली थंडीच तोकडी. बागायती गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरनंतर जसजशी लांबते तसतसे दर पंधरवड्यास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असा अनुभव आहे. ऊस किंवा कापूस निघाल्यावर डिसेंबरात गहू पेरणे भागच असेल, तर निफाडचा ‘एनआयएडब्ल्यू ३४’ हा उशिराच्या पेरणीसाठीच काढलेला वाण घ्यावा, बियाणे थोडे अधिक वापरावे आणि दाण्यात चीक भरताना पाण्याची पाळी चुकवू नये. भारी काळ्या जमिनीत मात्र ही पाळी हलकीच असावी.